मराठी सूर कसा घडला?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



“सर, मराठी पास होण्यापुरती आली की पुरे, ती काय आपली भाषा?” असे काही पालक विचारतात. आज त्याचे उत्तर संगीताच्या इतिहासातून देतो.

१८९२ साली बोहेमियाचा संगीतकार ड्वोरझाक न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयात संचालक म्हणून आला. अमेरिकन संगीतकार तेव्हा युरोपचा कित्ता गिरवीत होते. त्याने सांगितले, तुमच्या संगीताचा पाया तुमच्याच देशातील काळ्या लोकांच्या गीतांत आहे. पुढे जॅझने ते खरे ठरविले. ज्यांना परके मानले, त्यांच्याच कंठात देशाचा सूर होता.

आपल्या महाराष्ट्रातही पाहा. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यात साकी, दिंडी, कीर्तन, लावणी यांच्या चाली होत्या. या रोपट्याला रागदारीचे पाणी घातले ते उस्तादांनी. उत्तरेतून आलेले अल्लादियाखाँ १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरास राहिले. त्यांच्याकडे शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या घरोघर पोहोचविल्या.

किराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेला स्थायिक झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मराठी नाट्यपदेही ते गायिले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात ते विसावले आहेत. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते.

त्याच मिरजेत हत्यारे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तलवारी सोडून तंबोरे आणि सतारी घडविण्यास आरंभ केला. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतले आद्य कारागीर. भोपळा मात्र पंढरपूरच्या बाजूचा! २०२४ साली या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

मित्रांनो, प्रत्येक मुलाने गवई व्हावे असे माझे म्हणणे नाही. पण या माणसांनी दिले तसे घेतलेही. अण्णासाहेबांची पदे, उस्तादांची गायकी आणि शिकलगारांचा तंबोरा यांतून एकच सूर निघाला. त्यातला कुठला धागा कुणाचा, हे आज वेगळे काढता येत नाही.

म्हणून पालकहो, मराठी हा केवळ पस्तीस गुणांचा पेपर समजू नका. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती घडविण्यास हात लावला आहे. घरी उर्दू बोला, कोकणी बोला. पण मुलांच्या हाती मराठी पुस्तकही द्या. वारसा आपला आहे. तो मागून घ्यावयाचा नसतो, अभ्यासाने सांभाळावयाचा असतो.