पिकाबरोबर शरीराचीही मशागत करा
(राजारामपुरी, कोल्हापूर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. अशा कोल्हापुरात व्यायामाचे महत्त्व वेगळे काय सांगावे? परंतु "तालीम पैलवानांसाठी, आम्ही तर दिवसभर रानात राबतो," असे पुष्कळजण म्हणतात. आज नांगरटीला ट्रॅक्टर, पाण्याला मोटर आणि रानात जायला मोटारसायकल आहे. उरलेली खुरपणी, ऊसतोडणी ही वाकून करायची कामे. त्यांत कंबरेवर ताण येतो, पण सर्व स्नायूंना व्यायाम मिळत नाही.

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. साठीनंतर हा वेग वाढतो. जमिनीतील सेंद्रिय कर्बाप्रमाणे ही घट वरून दिसत नाही. वजन तेवढेच राहते, पण स्नायूंची जागा चरबी घेते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच वापरतात. म्हणून स्नायू टिकवणाऱ्यास मधुमेहाचा धोका कमी असतो, हाडे बळकट राहतात आणि म्हातारपणी पडून खुबा मोडण्याची भीती कमी होते.

"आता वय झाले" असे म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांतील ताकद दुपटीहून अधिक झाली.

यासाठी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१) आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करावा. शिवाय आठवड्यात एकूण १५० मिनिटे भरभर चालावे.

२) सुरुवातीस खाटेवरून हात न टेकता उठ-बस करावी आणि भिंतीवर हात टेकून जोर काढावेत. सवय झाल्यावर बैठका व जमिनीवरील जोर सुरू करावेत. संख्या हळूहळू वाढवावी, श्वास कोंडू नये.

३) आहारात डाळी, उसळी, दूध, अंडी असावीत. तालीम सुटली की पैलवानाने खुराकही कमी करावा.

४) रक्तदाब, हृदयविकार किंवा सांधेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास त्वरित थांबावे.

भगिनींनीही हे व्यायाम अवश्य करावेत. पाळी गेल्यावर त्यांची हाडे लवकर ठिसूळ होतात.

सत्तरीत आपल्या पायांनी बांधावर जायचे असेल, तर त्याची पेरणी आजच करावी लागेल.