दुखणं किती वाजता सुरू झालं?





हृदयरोगावर चार शब्द बोला, असं कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं. आम्ही डॉक्टर नाही. सरकारी पाणीपुरवठ्यात उपयंत्री आहोत. आमचं आयुष्य पाइप, पंप आणि व्हॉल्व्हमध्ये चाललं आहे. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडलं, त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या दारात पुष्कळ बसावं लागलं. तिथे जे कळलं ते दादांच्या परवानगीने सांगतो. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. ते पहिल्या रांगेत बसलेच आहेत.

तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. सवाष्णी जेवून गेल्या, मग आमची पंगत झाली. विडे फिरत होते तेवढ्यात दादा म्हणाले, "छातीत भरून आल्यासारखं वाटतंय." अंगाला घाम सुटला होता. आम्ही सगळ्यांनी एकमताने निदान केलं : पित्त! पुरणपोळी, आंबील, वर तुपाची धार. दुसरं काय असणार? ओवा झाला, सोडा झाला, पोटाला हिंग लावून झाला. वहिनी दोनदा म्हणाल्या, "डॉक्टरांकडे नेऊ या." आम्हीच त्यांना गप्प केलं, "सणाच्या दिवशी दवाखाना कशाला?" पुढे डावा खांदा आणि जबडा दुखायला लागला, तेव्हा कुठे गाडी काढली. तीही स्वतःच चालवत नेली आणि गणपती पाहायला निघालेल्या गर्दीत अडकलो.

इस्पितळात पोहोचताच ईसीजी काढला. हृदयरोगतज्ज्ञ आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दुखणं किती वाजता सुरू झालं?" आम्ही तिघांनी तीन वेळा सांगितल्या. शेवटी वहिनींनी हिशेब लावला, "विडे फिरले तेव्हा साडेआठ वाजले होते." घड्याळात बारा वाजले होते. म्हणजे साडेतीन तास.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते डॉक्टरांनी नंतर चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. आमची कल्पना अशी, की रक्तवाहिनी म्हणजे जुना पाइप. गंज चढत चढत एक दिवस बंद होतो. डॉक्टर म्हणाले, "पुष्कळदा तसं होत नाही." वाहिनीच्या आत चरबीचा थर असतो, त्यावर पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा अचानक फाटतो आणि तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी जमते. म्हणून काल तीन जिने चढलेला माणूस आज कोसळतो. गुठळीच्या पुढचा हृदयाचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही, तिथे व्रण उरतो. म्हणूनच डॉक्टरांची सगळी धावपळ घड्याळाशी असते. रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी आणि अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असेल तर ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडायची, असा दंडक आहे. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि मग मोठ्या ठिकाणी पाठवतात. तेही जितकं लवकर तितकं गुणकारी.

फुग्याने वाहिनी उघडण्याची ही युक्ती ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरांनी झुरिक शहरात १६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिल्यांदा जाग्या माणसावर केली. पूर्वी इथे स्टेंटचा खर्च ऐकूनच घरं हादरायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. एवढं सगळं आपल्यासाठी तयार आहे. पण घरातून निघायचं आपल्याच हातात आहे.

दादा वाचले. स्टेंट बसला. पण नंतरच्या इकोत हृदयाची पंपिंग ३५ टक्के निघाली. निरोगी माणसाची ५५ च्या वर असते. पंपाची भाषा आम्हाला लगेच कळली.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टर दर भेटीला गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन यायला सांगत आणि स्वतः मोजत. सहाव्या महिन्यात एका पट्टीतल्या गोळ्या जास्त उरल्या. दादांना कोणीतरी सांगितलं होतं, एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते. त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केली होती. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "स्टेंट शरीराला परका असतो. त्यावर आतून अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी जमू शकते. दात काढायचा असला तरी आधी मला विचारा. तुमचं तुम्ही बंद करू नका." मग विचारलं : रात्री उशा किती लागतात? पाय सुजतात का? रोज सकाळी वजन करता का? दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा, म्हणाले. निघताना आमच्याकडे वळले, "तुम्ही सख्खे भाऊ. तुमचं बीपी कधी पाहिलं?" पाहिलं, तर वाढलेलं. तेव्हापासून आम्हीही त्यांचे रुग्ण. त्या दिवशी त्यांनी वहिनींनाही सांगून ठेवलं : बायकांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, न समजणारा थकवा येतो. त्यालाही पित्त समजू नका.

म्हणून विनंती एवढीच. छातीत दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणं यांपैकी काही झालं, की आधी घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. लगेच १०८ लावा. रुग्णाला चालवू नका, स्वतः गाडी हाकू नका. अ‍ॅस्पिरिन द्यायची का, ते फोनवरच विचारा. अल्सर किंवा अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. चालू गोळ्यांची यादी पाकिटात ठेवा. आणि घरातली बाई म्हणाली "डॉक्टरांकडे जाऊ या", तर ऐका.

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्यांमागे दादा रात्रभर पायी फिरायचे, आम्हाला लहानपणी खांद्यावर घेऊन. आता ते कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसतात आणि आम्ही शेजारी उभे राहतो. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. ते साडेतीन तास मात्र आमचे होते. तुमच्या घरी ते जाऊ नयेत, ही बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!