डीबीटी : एक लघुरूप, तीन अर्थ
(भिलाई येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



भिलाईला लघुरूपांची सवय आहे. 'बीएसपी' म्हटले की येथे पोलाद कारखाना डोळ्यांसमोर येतो. इतरत्र त्याच अक्षरांनी एक राजकीय पक्ष ओळखला जातो. संदर्भ ठाऊक असल्याने येथे कोणाचा गोंधळ होत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावरील 'डीबीटी' या अक्षरांचा संदर्भ मात्र अनेकांना ठाऊक नसतो, आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

वातानुकूलनाचा अभ्यास करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला डीबीटी म्हणजे 'ड्राय बल्ब टेंपरेचर', अर्थात साध्या, कोरड्या तापमापीने मोजलेले हवेचे तापमान. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे नाव वाटते. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयांतर्गत १९८६ मध्ये स्थापन झालेला हा विभाग संशोधनासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती देतो. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही त्याच्याच अखत्यारीतील संस्था. ही अधिछात्रवृत्ती परीक्षेतील गुणवत्तेवर मिळते; कौटुंबिक उत्पन्नाशी तिचा संबंध नाही.

तिसरा अर्थ थेट लाभ हस्तांतरणाचा. १ जानेवारी २०१३ पासून निवडक जिल्ह्यांत ही व्यवस्था सुरू झाली आणि पहिल्या टप्प्यातील योजनांत शिष्यवृत्त्यांचा मोठा वाटा होता. ही स्वतंत्र योजना नव्हे, तर मंजूर रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात पोचविण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राने आपल्या संकेतस्थळाचे नावच 'महाडीबीटी' ठेवल्याने पद्धत आणि योजना यांतील फरक अधिकच पुसट झाला. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० ठरविण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. त्यामुळे ही पद्धत समजून घेणे आवश्यक झाले आहे.

आधार क्रमांकावर आधारित हस्तांतरणात रक्कम खाते क्रमांकावरून नव्हे, तर आधार क्रमांकावरून जाते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडील नोंदीत एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव असते. ओळख पटविण्यासाठी बँकेने आधार क्रमांक घेतला, म्हणून ही नोंद झालीच असे नाही. दोन्हींना 'खाते आधारशी जोडले' असेच म्हटले जाते. शिवाय विद्यार्थ्याने पुढे दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे नोंद करविली, तर रक्कम तिकडे वळते. तो मात्र जुन्या पासबुकात ती शोधत राहतो.

सीमेलगतच्या भागात आणखी एक प्रश्न उद्भवतो. गोंदियाचा विद्यार्थी शिकण्यासाठी भिलाईला आला, तरी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तो ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे त्या राज्याकडून मिळते. शिक्षण छत्तीसगडमध्ये, अर्ज महाराष्ट्राकडे आणि बँक तिसऱ्याच गावी, अशा स्थितीत चौकशी नेमकी कोठे करावी हेच कळत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, थेट हस्तांतरणामुळे मध्यस्थांची साखळी आखूड झाली, ही मोठी जमेची बाजू आहे. तथापि माहिती मिळविण्याचा खर्च कार्यालयाकडून लाभार्थ्याकडे सरकला. कंत्राटी कामगाराच्या मुलीला बँकेत तीनदा जावे लागले, तर तितक्या दिवसांचे तास बुडतात; कोणी सोबत गेल्यास त्याची मजुरीही बुडते. शुल्काची मुदत मात्र तिच्यासाठी थांबत नाही.

यावर उपाय अल्पखर्चिक आहेत. प्रत्येक अर्जावर लघुरूपाआधी त्याचे पूर्ण नाव विद्यार्थ्याच्या भाषेत छापावे. अर्ज स्वीकारतानाच त्याच्या आधार क्रमांकापुढे कोणत्या बँकेची नोंद आहे, हे त्याला सांगावे. रक्कम अडकल्यास ती संस्था, राज्य की बँक यांपैकी कोठे अडकली, याचे लेखी उत्तर द्यावे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या दिवसांत यासाठी एक जाणता कर्मचारी नेमला, तरी बरेच साधेल. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती वेळेवर हाती पडणे, यांतील अंतर कमी झाले तरच तिचा हेतू सफल होईल.