पंगतीला बसायची अट



आज आपण ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतल्या एका भांडणाबद्दल बोलणार आहोत. भांडण हाच शब्द बरोबर, कारण त्यात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. प्रश्न असा होता: येशूवर विश्वास ठेवणारा माणूस जन्माने यहुदी नसेल, तर त्याने सुंता करून घेऊन मोशेचं नियमशास्त्र पाळलंच पाहिजे का? नाही पाळलं, तर त्याचं तारण होणार नाही का?

मी आयुष्य फौजेत काढलं, धर्मशास्त्राचा पंडित नाही. पण कुठल्याही समूहात नवा माणूस आला की हाच प्रश्न उभा राहतो. आत येण्याची अट कोणती, आणि ती ठरवायची कुणी?

सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू आधी समजून घेऊ. त्यांना हटवादी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात, सतराव्या अध्यायात, देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून सुंता सांगतो. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता. स्वतः येशूची आठव्या दिवशी झाली होती, पौलाचीही. शिवाय या खुणेसाठी रक्त सांडलं होतं. इ.स.पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस चौथा या राजाने सुंतेवर बंदी घातली. ज्या आयांनी मुलांची सुंता करवली त्यांना ठार मारलं, अशी नोंद मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. आता विचार करा. ज्या खुणेसाठी आपल्या पूर्वजांनी जीव दिला, ती नसली तरी चालेल असं आपल्यातलाच कुणी म्हणू लागला, तर आपल्याला कसं वाटेल?

आता दुसरी बाजू. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात कर्नेल्य नावाचा एक रोमी अधिकारी भेटतो. कैसरिया इथल्या पलटणीतला शताधिपती. देवभीरू, दानधर्म करणारा, पण यहुदी नव्हे. पेत्र त्याच्या घरी गेला. तिथल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरलेला पाहून त्याने त्यांना बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. सुंतेची अट घातली नाही. यरुशलेमला परतल्यावर मात्र त्याला जाब विचारला गेला. कशाबद्दल? सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू जेवलास कसा, याबद्दल. मित्रहो, पंगतीचा अर्थ आपल्याला कुणी वेगळा सांगायला नको. कोण कुणाच्या पंगतीला बसतो, यावरून आपल्याकडेही माणसाची पायरी ठरत आली आहे.

पुढे हा प्रश्न सीरियातल्या अंत्युखियात पेटला. आज ते शहर तुर्कस्तानात आहे, अंताक्या नावाने. तिथे यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र होते. यहुदियातून काही जण आले आणि शिकवू लागले, की सुंता झाल्याशिवाय तुमचं तारण नाही. पौल आणि बर्णबा यांनी त्यांच्याशी कडाडून वाद घातला, आणि प्रकरण यरुशलेमला गेलं. साधारण इ.स. ४८-४९ चा हा काळ.

यरुशलेमच्या सभेत परुशी पंथातून आलेले विश्वासणारे सुंतेच्या बाजूने बोलले. पेत्र म्हणाला, जे ओझं आपल्याला आणि आपल्या वाडवडिलांना पेललं नाही, ते यांच्या मानेवर कशाला ठेवता? शेवटी येशूचा भाऊ याकोब याने तोडगा काढला. परराष्ट्रीयांवर सुंतेची सक्ती नको. त्यांनी चार गोष्टी टाळाव्यात: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. चारातल्या तीन गोष्टी जेवणाच्या आहेत, हे लक्षात घ्या. दोन्हीकडच्या माणसांना एका पंगतीला बसता यावं, अशी ही तजवीज दिसते.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात यरुशलेममधल्या भेटीची स्वतःची हकीकत दिली आहे. ती भेट हीच की वेगळी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पौल सांगतो, की त्याने तीत नावाच्या ग्रीक सहकाऱ्याला बरोबर नेलं होतं. तीताची सुंता झालेली नव्हती आणि तिथे कुणी ती करायला लावली नाही. याकोब, पेत्र आणि योहान यांनी हातात हात दिला. गरिबांची आठवण ठेवा, एवढंच सांगितलं.

पण याच पत्रात पुढे अंत्युखियाचा प्रसंग येतो. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर खुशाल जेवत होता. याकोबाकडून काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू बाजूला झाला. त्याच्या मागे इतर यहुदी गेले, बर्णबासुद्धा गेला. तुमचं तारण होणार नाही, असं कुणी तोंडाने म्हटलं नाही. फक्त ताटं हलली. फौजेच्या लंगरात मी वर्षानुवर्षं जेवलो आहे. शेजारच्या माणसाने ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसण्याचा अर्थ काय, ते जवानाला समजावून सांगावं लागत नाही. पौलाने तिथेच पेत्राला तोंडावर विरोध केला. त्याचं म्हणणं असं: तू यहुदी असून परराष्ट्रीयांसारखा वागत होतास, मग आता त्यांनी यहुदी व्हावं अशी वेळ त्यांच्यावर का आणतोस?

पौलाची भूमिका अशी, की माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे. गंमत म्हणजे हे तो नियमशास्त्रातूनच सिद्ध करतो. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, ते उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. सुंता आली सतराव्यात, तो ९९ वर्षांचा असताना. म्हणजे विश्वास आधी, खूण नंतर. म्हणून अब्राहाम सुंता झालेल्यांचाही बाप आणि न झालेल्यांचाही. रोमकरांस पत्रात हा युक्तिवाद सविस्तर आहे.

आणि हाच पौल, प्रेषितांच्या कृत्यांनुसार, तीमथ्याची सुंता करवतो! तीमथ्याची आई यहुदी, बाप ग्रीक, आणि त्या भागातल्या यहुद्यांना ते ठाऊक होतं. काही अभ्यासकांना ही विसंगती वाटते. मला यातच वादाची किल्ली दिसते. यहुद्यांमध्ये काम करताना अडथळा नको म्हणून केलेली सुंता पौलाला चालते. तारणाची अट म्हणून मागितलेली सुंता चालत नाही. क्रिया एकच आहे, पण एका ठिकाणी ती आपलेपणाने पत्करलेली आणि दुसऱ्या ठिकाणी दारावरची चौकी.

मग विश्वास असला की कसंही वागावं का? नव्या करारातच याकोबाचं पत्र आहे. कृतीशिवाय विश्वास निर्जीव, असं ते बजावतं, आणि दाखला त्याच अब्राहामाचा देतं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला हे पत्र खटकलं होतं. पण पौलही विश्वास प्रेमातून कामाला लागला पाहिजे असंच म्हणतो. पौल दारावरच्या अटीबद्दल बोलतो आणि याकोबाचं पत्र आत आल्यानंतरच्या वागण्याबद्दल, असं मला वाटतं.

एक सावधगिरी. या वादावरून यहुदी धर्म म्हणजे कोरडं कर्मकांड, असं चित्र शतकानुशतकं रंगवलं गेलं. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने १९७७ च्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढलं. त्याच्या मते त्या काळच्या यहुद्यांसाठी करार ही देवाची कृपाच होती, आणि नियम पाळणं हा त्या कृपेला दिलेला प्रतिसाद होता. शिवाय या भांडणातले पौल, पेत्र, याकोब सगळे यहुदीच होते. हे घरातलं भांडण होतं.

ते सभेत मिटलं, पण पंगतीत पुन्हा उभं राहिलं. ठराव करणं त्या मानाने सोपं असतं. नव्या माणसाला खरंच आत घेतलं आहे का, हे पाहायचं असेल तर ठराव वाचू नका, जेवणाच्या वेळी कोण कुठे बसतं ते पाहा.