खालून येणारा ‘टक’ आवाज: बॉल जॉइंट घरी बदलायचा का?

आजचा भाग गाडीच्या अशा एका पार्टबद्दल आहे, जो मुठीत मावतो, उभ्या गाडीत सहसा दिसत नाही, आणि सुटला तर पुढचं चाक अक्षरशः आडवं पडतं. बॉल जॉइंट. हा घरी बदलता येतो का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. येतो. पण सगळ्या गाड्यांचा नाही आणि सगळ्या जागी नाही.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘उखळीचा सांधा’ होता, आठवतोय? खांद्याचा, मांडीचा. एका वाटीत गोळा बसलेला, त्यामुळे हात सगळीकडे फिरतो. बॉल जॉइंट म्हणजे तेच. पुढचं चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्याला नकल म्हणतात. तो नकल आणि खालचा लोअर आर्म यांच्यामध्ये हा सांधा असतो. चाक खड्ड्यात वरखाली होतं, स्टिअरिंगबरोबर वळतं, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं ते याच्यामुळे. आत ग्रीस, बाहेर रबराचं बूट. ते बूट एकदा फाटलं की पावसाळ्यातलं चिखलपाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि गोळा वाटीत खुळखुळायला लागतो. पार्ट मरतो तो लोखंडामुळे नाही, त्या रबरामुळे.

लक्षण काय? हळू वेगात, स्पीडब्रेकरवर किंवा गाडी पार्किंगमधून वळवून काढताना खालून ‘टक’ किंवा ‘कटकट’. आता गंमत अशी की लिंक रॉड गेला तरी असाच आवाज येतो. स्ट्रटचं वरचं माउंटिंग गेलं तरी तसाच. लिंक रॉडचा आवाज डोकं उठवतो, बॉल जॉइंटचा आवाज जीव घेऊ शकतो, आणि कानाला दोन्ही सारखेच.

माझ्या मामाचंच सांगतो. जुनी वॅगनआर, राहायला कराडला, मामीचं माहेर चिपळूणला. म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट. एका गॅरेजमध्ये आवाज दाखवला तर त्यांनी दोन्ही आर्म, दोन्ही स्ट्रट, लिंक रॉड, बुश असं सगळं लिहून दिलं. यादी एवढी लांब की मामानं कागद घडी करून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला. “दिवाळीनंतर बघू.” माझा राग त्या यादीवर आहे. कुठली गोष्ट आज करायची आणि कुठली सहा महिन्यांनी चालेल, हे सांगितलंच नाही तर माणूस सगळंच पुढे ढकलतो.

मग आम्ही अंगणात तपासलं. हे तुम्हालाही जमेल, पार्ट बदलणार नसाल तरी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. पुढचं चाक जॅकनं उचला आणि बॉडीच्या ठरलेल्या जागेखाली जॅक स्टँड लावा. आता एक हात चाकाच्या वर, एक खाली, म्हणजे घड्याळातले बारा आणि सहा. आतबाहेर हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंगवर संशय. तसाच राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. तीन आणि नऊवर धरून हलतंय तर आधी टाय रॉड एंड बघा. शेवटी एक लांब टॉमी आर्म आणि नकलच्या मध्ये घालून हलकेच दाबा. सांधा वरखाली उडताना डोळ्यांनी दिसतो.

मामाच्या गाडीत डावा सांधा उडत होता. उजवा घट्ट, बूटही शाबूत. स्ट्रट कोरडे, तेल गळत नव्हतं. लांबलचक यादीतली एकच ओळ घाटात जाण्याआधी करायची होती.

आता बदलायचं. आधी, कुणी बदलू नये? ज्या जीपछाप जड गाड्यांत वरखाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंगचा दाब खालच्या आर्मवर असतो, तिथे हा सांधा सोडणं म्हणजे दाबलेली स्प्रिंग मोकळी करणं. ते गॅरेजचंच काम. छोट्या गाड्यांत पुढे स्ट्रट असतो, वजन तो पेलतो, म्हणून काम घरच्या आवाक्यात येतं. दुसरं, जॅक स्टँड नसेल तर करू नका. विटा नाही, सिमेंटचे ब्लॉक नाही, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ नाही. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलायला दिलेला असतो, खाली शिरायला नाही. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, तेव्हा खाली जाड प्लायवूड घ्या.

बऱ्याच छोट्या मारुतींमध्ये बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, अख्खा लोअर आर्मच येतो, बुशसकट. डावा-उजवा वेगळा असतो, म्हणून दुकानात चॅसी नंबर सांगा. आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. चौदा, सतरा, एकोणीसचे सॉकेट आणि एक लांब दांडा लागतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे.

जमलं तर दोन्ही पुढची चाकं उचला. एकच उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि आर्म ओढून धरतो. काही गाड्यांत हा बार आर्मलाच जोडलेला असतो, तो आधी सोडा. मग नकलवरचा आडवा बोल्ट. तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. नकलच्या फटीत छिन्नी अगदी हलकी ठोकली की पकड सुटते. दांडा निमुळता आणि नट-स्प्लिट पिनवाला असेल तर त्याचा पुलर वापरा.

इथे एक जपा. सांधा सुटला की नकल मोकळा होतो. तो बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटला तर गिअरबॉक्सचं तेल जमिनीवर. ब्रेकच्या नळीवरही वजन लटकवू नका.

जुना आर्म हातात घेऊन दांडा हलवून बघाच. मामाचा इकडून तिकडे लोळत होता. नव्याचा अंगठ्यानं हलता हलत नाही. मामा दोन्ही हातात धरून दोन मिनिटं गप्प उभा होता.

नवा आर्म बसवताना बुशचे बोल्ट हातानं भरा, पण शेवटचं आवळणं चाक बसवून, गाडी जमिनीवर उतरवून, स्वतःच्या वजनावर असताना. लटकत्या आर्मवर आवळलं की गाडी खाली येताना बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत ही पायरी राहून जाते. आणि टॉर्क रेंच भाड्यानं मिळत असेल तर आणा. आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचेच वापरा, मित्राच्या गाडीचे नाही. स्प्लिट पिन आणि लॉक नट नवे.

त्यानंतर अलाइनमेंट. ती घरी होत नाही, टायरवाल्याकडे जा. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट परत तपासा.

आता हमखास येणारा प्रश्न: एकच बाजू बदलू की दोन्ही? दुसरी बाजू घट्ट आणि बूट शाबूत असेल तर एक चालते. आम्ही उजवा ठेवला. फक्त टायर बदलायला गाडी वर चढते तेव्हा त्या बुटावर एकदा टॉर्च मारायचा. चीर दिसली तर आवाज यायची वाट न बघता पार्ट मागवायचा.