विमानाच्या भागांचाही सिटी स्कॅन



मडकं घेताना आम्ही गटातल्या बाया टिचकी मारून बघतो. आवाज बद्द आला की ते बाजूला ठेवतो. विमानाच्या इंजिनातलं पातं टिचकीनं कळत नाही, आणि कापून बघावं तर ते वाया जातं.

आतली खोट किती महागात पडते बघा. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका विमानाच्या शेपटीकडच्या इंजिनातली टायटॅनियमची चकती आकाशातच फुटली. धातू तयार होतानाच तिच्यात दोष राहिला होता. त्यातून भेग वाढत गेली. २९६ पैकी ११२ माणसं दगावली.

आता विमानाचे कितीतरी भाग क्ष-किरणांनी आतून तपासतात. दवाखान्यातल्या सिटी स्कॅनमध्ये माणूस पडून राहतो आणि यंत्र भोवती फिरतं. कारखान्यात बहुधा उलट असतं. यंत्र जागेवर आणि तो भाग फिरत्या पाटावर. शेकडो बाजूंनी चित्रं घेतली की संगणक ती जोडून आतला आकार दाखवतो. पात्याच्या पोटातली हवेची वाट तुंबली आहे का, धातूत बुडबुडा राहिला आहे का, हे न कापता दिसतं. धातूतून जायला किरण जोरकस लागतात, म्हणून हे काम बंद खोलीत किंवा शिसं लावलेल्या पेटीत चालतं.

अगदी मिटलेली, केसासारखी भेग यातूनही सुटू शकते. म्हणून इतर तपासण्याही करतात. आपल्या गावची लेकरंही आता विमानानं जातात. त्यांचा जीव या न दिसणाऱ्या कामावर असतो.