रूसो आणि लग्नगडी

रूसोवर बोलायचं तर जिनिव्हा-पॅरिसपासून सुरुवात करायचा रिवाज आहे. मी आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून, तलासरीपासून करतो.

ऐंशी-एक वर्षांपूर्वीपर्यंत तिथे लग्नगडी होते. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवराबायकोने त्याच्या घरी-शेतावर राबायचं. कर्ज फिटायचं नाही, कारण वही जमीनदाराची आणि ती वाचणाराही तोच. पुष्कळांचा जन्म त्यातच गेला. जमीनदाराला विचारलं तर उत्तर तयार असे : त्याने राजीखुशीने पैसे घेतलेत.

या ‘राजीखुशी’चा समाचार रूसोने १७६२ सालीच घेतला होता. ‘सामाजिक करार’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात गुलामगिरीवर एक प्रकरण आहे. सगळी देणी एकाकडे आणि सगळे हक्क दुसऱ्याकडे, असा करार त्याच्या मते करारच नव्हे. मग त्यावर कुणाचा अंगठा असो. स्वातंत्र्य सोडणं म्हणजे माणूसपणच सोडणं, आणि ते सोडायचा अधिकार माणसाला नाही. एखाद्याने स्वतःला दिलंच, तरी पोरांना देता येत नाही, असंही तो बजावतो. याच गृहस्थाने स्वतःची पाच मुलं अनाथालयात ठेवली होती. त्याबद्दल त्याला माफी नाही. पण युक्तिवाद त्यामुळे लंगडा होत नाही.

लंगडा होतो तो दुसरीकडे. गुलाम बेड्यांत सुटकेची इच्छासुद्धा गमावून बसतो, असं रूसो म्हणतो. वारल्यांनी हे खोटं पाडलं. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनाला थोडे वारली गेले आणि त्यांच्यातला माह्या धांगडा तिथे व्यासपीठावरून बोलला. मग २३ मे रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं त्यांनी एकमुखाने ठरवलं. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे. इच्छा मेलेली नव्हती, भीतीखाली दबली होती. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. लढा थांबला नाही.

पुढे संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारी बंद केली, १९७६च्या कायद्याने वेठीमागचं कर्जही रद्द केलं. तरी १९८२ साली याच वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगारांसाठी श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. म्हणजे विरारची लोकल धावत होती आणि तालुक्यात गडी बांधलेले होते. कायदा झाला की स्वातंत्र्य आलं, असं मानणाऱ्यांनी हे साल पाठ करावं.

आज लग्नगडी हा शब्द कुणी वापरत नाही. पण पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातली कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेणं गुन्हा नाही. ती फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं हा गुन्हा आहे. या सभागृहात बांधकाम व्यवसायातले बरेच जण दिसतात. त्यांना माझी विनंती आहे : वीट कुठल्या भट्टीची, हे विचारता तसं तिथल्या मजुराचा हिशेब कोण लिहितं, हेही विचारा. उत्तर संशयास्पद वाटलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.